उकिरड्याचा हिशेब

घरच्या घरी पर्यावरण कसे राखावे, याच्या याद्या आता आपणां सर्वांना पाठ झाल्या आहेत. बाजाराला जाताना कापडी पिशवी न्यावी, भाजीच्या देठांचे खत करावे, जुने कपडे फेकू नयेत, न्हाणीचे पाणी झाडांना सोडावे, लागेल तेवढेच शिजवावे. अशा यादीच्या शेवटी बहुधा एक वाक्य येते : आपल्या आज्यांना हे सारे ठाऊकच होते. वाक्य ऐकायला गोड आहे आणि निम्मे खरेही आहे. राहिलेल्या निम्म्याचा शोध घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आम्ही करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी आणि तिच्या भोवतालचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवला आहे.

हे गाव निवडण्याचे कारण असे की, इथे जुने घर आणि नवे घर एकमेकांना खेटून उभे आहेत. गावाच्या एका अंगाला गांधीनगरची घाऊक कापडपेठ, दुसरीकडे उजळाईवाडीचा विमानतळ, जवळच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, आणि मध्ये ऊस, म्हैस व शेतघर. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ साली स्थापन झाला. ‘गोकुळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघाचा महालक्ष्मी पशुखाद्य कारखाना गडमुडशिंगीतच आहे. म्हशीच्या पुढ्यात काय पडते आणि तिच्या मागे काय पडते, या दोन गोष्टींत आपल्या विषयाचा बराचसा इतिहास सामावला आहे.

आधी शब्दाविषयी. ‘शाश्वत’ हे विशेषण आपण आज विकासाला, शेतीला आणि जीवनशैलीला लावतो. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल आला आणि या अर्थाचा शब्द जगभर रूढ झाला. मराठीत त्यासाठी ‘टिकाऊ’, ‘चिरस्थायी’ आणि ‘शाश्वत’ असे पर्याय चालले, त्यांत ‘शाश्वत’ जिंकला. गंमत अशी की, आपल्या संतपरंपरेत हा शब्द नेमका घराच्या विरुद्ध बाजूला उभा होता. संसार अशाश्वत, शाश्वत ते त्यापलीकडचे. चूल, मडके आणि लुगडे यांना हे विशेषण लावण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. घरातल्या व्यवहारासाठी मराठीने दुसरेच शब्द राखून ठेवले होते : काटकसर, पुरवठा, पुरवून खाणे, कोंड्याचा मांडा करणे. हे शब्द टंचाईचे आहेत. ते वापरणाऱ्यांना निसर्ग वाचवायचा नव्हता. त्यांना महिना काढायचा होता.

या भागातल्या साधारण शेतकरी घरात, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, वस्तू सहसा ‘कचरा’ होत नसे. ती फक्त जागा बदलत असे. जोंधळा पाखडला की कोंडा म्हशीच्या आंबोणात जाई. डाळ भरडली की चुणीही तिथेच. तांदूळ धुतलेले पाणी, शिळे, खरकटे सारे गोठ्यात. म्हशीचे शेण निम्मे उकिरड्यात, निम्मे शेणीसाठी. शेणी चुलीत, चुलीची राख भांडी घासायला, बियाण्याला कीड लागू नये म्हणून कणगीत, आणि उरलेली पुन्हा उकिरड्यात. न्हाणीचे सांडपाणी परड्यातल्या केळीला आणि अळूला. लुगडे फाटले की त्याचे धडपे, धडप्याची लहान मुलाची दुपटी, अशा चिंध्या थर देऊन शिवल्या की वाकळ, वाकळ झिजली की चुंबळ, आणि सर्वांत शेवटी पोतेरे. एका वस्तूच्या या अवस्थांना प्रत्येकी वेगळे नाव आहे, हे भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावे. ज्या गोष्टीला नाव असते ती फेकली जात नाही.

या सगळ्याच्या मध्यभागी उकिरडा होता. आज हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. त्या घरात ती तिजोरी होती. दिवाळीत गोठ्याबरोबर उकिरड्यावरही पणती ठेवण्याची रीत अनेक गावांत होती. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण उकिरड्याच्या हीनपणाची साक्ष देते, तशीच त्याच्या अंगी असलेल्या सुप्त मोलाचीही देते.

शेतावरही हीच रीत. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात उसाचा रस त्याच उसाच्या चिपाडावर आटे. चुलवाणात चिपाड सारणारा जळव्या आणि कढईतल्या रसाचा नेमका पाक ओळखणारा गुळव्या, या दोघांच्या जोडीवर गुळाचा दर्जा ठरे. रसाची मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस, उसाचे वाडे जनावरांना, चुलवाणातली राख शेताला. बाहेरून विकत आणलेले इंधन जवळजवळ नाही. आज एखाद्या अभियंत्याने असा कारखाना आखला तर त्याचा गौरव होईल.

इथवर आज्यांविषयीचे ते वाक्य खरे आहे. पण हिशेब इथे थांबवला तर तो खोटा ठरेल, कारण त्यात खर्चाची बाजू लिहिलेलीच नाही.

पहिला खर्च बाईच्या अंगावर होता. शेण काढणे, पाटीतून वाहणे, भुशात कालवून शेणी लावणे, वाळवणे, पावसापूर्वी त्यांचा हुडवा रचणे, ही कामे पुरुषांची नव्हती. पाणी आणणे, दळणे, चुलीशी बसणे हे त्याशिवाय. वाकळेचे टाके तिने घालायचे ते दिवसाची सगळी कामे आटोपल्यावर. आनंद यादवांचे ‘झोंबी’ १९८७ साली प्रसिद्ध झाले. त्यातले कागल गडमुडशिंगीपासून फार लांब नाही. ज्यांनी ते वाचले आहे, त्यांना त्या घरातल्या आईचे न संपणारे कष्ट आठवतील. तिथे काहीही वाया जात नाही. एका माणसाचे आयुष्य मात्र जाते. चुलीच्या धुराची तर आपल्या साहित्याने पुष्कळदा कविताच केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या अशा धुरामुळे जगभर सुमारे ३२ लाख माणसे अकाली मेली. त्या धुराशी सर्वाधिक वेळ बसणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या काखेतली मुले असतात.

शिवाय हे चक्र आपण समजतो तितके पुरेही नव्हते. शेणी जाळली की शेणातला नत्र धुराबरोबर निघून जातो, राखेत तो राहत नाही. म्हणजे जे शेण शेताला जायला हवे होते ते चुलीत जात होते, आणि ते जात होते कारण सरपण उरले नव्हते. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हा धागा पकडला होता. सरकारच्या जंगलखात्याने गायराने आणि डोंगर बंद केले, त्यामुळे जनावरे घटली, जनावरांबरोबर खत घटले आणि जमिनीचा कस गेला, ही साखळी त्यांनी मांडली. डोंगरउतारावरून वाहून जाणारी माती बांध घालून अडवावी, हेही सुचवले. शेतकऱ्याच्या घरातली काटकसर ही घराबाहेरच्या लुटीची दुसरी बाजू असू शकते, हे जोतीरावांना दिसले होते. आज घराघराला उपदेश करणाऱ्यांना ते अनेकदा दिसत नाही.

दुसरा खर्च जातीच्या खात्यावर मांडलेला होता. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ साली आला. बलुतेदारीचे इतके बारीक वर्णन मराठीत दुसरीकडे क्वचित सापडेल. तो ग्रंथ आज पर्यावरणाच्या दृष्टीने पुन्हा वाचला, तर गावात काहीच वाया का जात नव्हते याचे उत्तर मिळते. मेलेले जनावर ओढून नेणे महारांकडे, कातडे कमावणे आणि पायताण करणे ढोर-चांभारांकडे, दोर वळणे मांगांकडे. प्रत्येक टाकाऊ वस्तूला एक जात नेमून दिलेली होती. केरसुणीचेच पाहा. लक्ष्मीपूजनाला आपण तिला हळदकुंकू वाहतो. ती शिंदीच्या पानांपासून बांधणाऱ्या हातांना मात्र त्याच घराचा उंबरा ओलांडता येत नव्हता. ‘कचरामुक्त गाव’ असा ज्याचा आज गौरव होईल, ते गाव माणसांच्या एका थरावर आपली सारी घाण सोपवून स्वच्छ राहिले होते.

या व्यवस्थेला पहिले मोठे हादरे याच मुलखात बसले, हा योगायोग नव्हे. शाहू छत्रपतींनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात महार वतने रद्द केली. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी त्या वेळच्या कागल जहागिरीतल्या माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि शाहू महाराज तिथे स्वतः आले. सात वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडला बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा, असे आपल्या लोकांना सांगितले. पर्यावरणाच्या भाषेत बोलायचे तर तो गावाच्या पुनर्वापराच्या साखळीतला एक दुवा तोडण्याचा आदेश होता. तो दुवा तुटणे आवश्यक होते. जी साखळी माणसाला बांधून ठेवते, ती निसर्गाला कितीही मानवत असली तरी तिचे गोडवे गाता येत नाहीत.

मग प्रश्न असा उरतो : चक्र राखायचे आणि त्यातली गुलामी काढून टाकायची, हे जमते का? विसाव्या शतकात महाराष्ट्रात काही माणसांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. आमच्या मते घरगुती शाश्वततेचा खरा इतिहास आज्यांपासून नव्हे, या माणसांपासून सुरू होतो.

वर्ध्यात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचे काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पा यांचे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ १९४५ चे. ब्रुंटलँड अहवालाच्या चार दशके आधी टिकणाऱ्या अर्थव्यवस्थेचा विचार तिथे मांडलेला आहे. कोकणात सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांनी याच प्रश्नाच्या सर्वांत घाणेरड्या टोकाला हात घातला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले आणि ते नाकारले गेले म्हणून गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभले. पुढे १९४८ साली कणकवलीला त्यांनी ‘गोपुरी’ उभी केली. ब्राह्मण घरात जन्मलेला हा माणूस मेलेली जनावरे स्वतः सोलत असे. मैलाही खत आहे, पण ते दुसऱ्या माणसाच्या डोक्यावरून वाहून जाता कामा नये, या विचाराने त्यांनी साध्या खर्चाचे संडास तयार केले. त्याच वाटेवर पुढे देहूच्या आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी संडासाला जोडलेल्या गोबरगॅसचा घरोघर प्रसार केला; २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

गोबरगॅस हे या प्रश्नाचे अगदी नेमके उत्तर होते. शेण आणि पाणी समभाग कालवून बंद टाकीत सोडले की हवेवाचून जगणारे जिवाणू त्यातून मिथेन वायू सोडतात. तो चुलीला मिळतो आणि नत्र मळीत राहतो, ती शेताला मिळते. जे शेण आधी चुलीला तरी जाई किंवा शेताला तरी, ते आता दोघांना पुरते, आणि बाईच्या डोळ्यांतला धूर जातो. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतर ही संयंत्रे हाती घेतली, १९८१-८२ पासून राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. पण इथेही हिशेब करायला हवा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे दावणीला हवीत. एका म्हशीच्या घराला ते परवडत नाही, भूमिहीनाला तर नाहीच. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पुढे खरकट्यावर आणि पिष्टमय पदार्थांवर चालणारे छोटे संयंत्र केले, त्याला २००६ साली ॲश्डेन पारितोषिक मिळाले. शेण हे मुळात जनावराने एकदा पचवलेले अन्न. न पचवलेल्या अन्नातून त्याच वजनाला कितीतरी अधिक वायू मिळतो, हे त्यामागचे साधे तत्त्व.

आणि कोल्हापुरात होते श्रीपाद अच्युत दाभोळकर. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या या माणसाने ‘प्रयोग परिवार’ उभा केला. त्याला इमारत नव्हती, पदव्या नव्हत्या; शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करायचा, मोजायचे, लिहायचे आणि दुसऱ्याला कळवायचे, एवढाच नियम. तासगावच्या द्राक्षबागायतदारांपासून घराच्या गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांपर्यंत अनेक जण या पद्धतीने शिकले. १९८५ साली त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. सूर्यप्रकाश सर्वांच्या अंगणात पडतो, तो पानांवर किती झेलता येतो याचा हिशेब ठेवला तर दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, एक कुटुंब बरे जगू शकते, असे ते मांडत. त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘विपुलाच सृष्टी’. भवभूतीच्या प्रसिद्ध ओळीचा पडसाद त्यात ज्याला ऐकू येईल, त्याला या माणसाच्या विचाराची दिशाही कळेल. जुन्या घराची काटकसर टंचाईच्या भीतीतून आली होती. दाभोळकर विपुलतेच्या हिशेबातून बोलत होते. घरातला पालापाचोळा त्यांच्या लेखी भांडवल होता, आणि ते वापरणारा माणूस शिकणारा होता, राबणारा नव्हे. आमच्या मते फरक इथे आहे.

आता पुन्हा गडमुडशिंगीकडे येऊ. गेल्या साठ वर्षांत म्हैस परड्यातल्या गरजेची राहिली नाही, दूध संघाच्या हिशेबाची झाली. घरातला कोंडा आणि खरकटे तिला पुरेना. कारखान्यातून पेंड, कोंडा आणि मळी यांचे मिश्रण पोत्यांतून येऊ लागले. चूल जाऊन सिलिंडर आला, आणि त्याबद्दल कोणत्याही बाईला पश्चात्ताप नाही. लुगडे गेले, गांधीनगरच्या पेठेत स्वस्त कृत्रिम धाग्याचे कापड आले, ज्याची वाकळ होत नाही. राखेची जागा साबणाने घेतली. असे एकेक दुवे निखळत गेले आणि उकिरड्यात असे पदार्थ पडू लागले की ज्यांना कुजणे ठाऊकच नाही. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तिचे पुढे काय झाले ते कोणत्याही आठवडी बाजारात दिसते. तरी जुनी सवय पुरती मेलेली नाही. पशुखाद्याचे रिकामे पोते आजही कोणी फेकत नाही. त्यात धान्य भरले जाते, त्याची खोळ करून बायका पावसात भांगलायला जातात, ते फाटले की गोठ्याच्या खिडकीला लागते. पण शेवटी ते पोतेरे होत नाही. त्याच्या दशा सुटतात आणि मातीत तशाच राहतात.

शहरात ही साखळी वेगळ्या रूपाने चालू राहिली. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मुंबईच्या रस्त्यांवरून चिंध्या, कागद, काच गोळा करून निवडणाऱ्या बाया आहेत. गावगाड्यातून सुटून आलेल्यांच्या वाट्याला शहराचा उकिरडा आला. १९९३ साली पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तेव्हा या बायांना प्रथमच कामगार म्हणून नाव मिळाले. २००८ साली त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलू लागली. २०१६ च्या नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे प्रत्येकावर बंधनकारक केले. हा नियम पर्यावरणाचा म्हणून सांगितला जातो. तो त्याहून जुन्या प्रश्नाचे उत्तर आहे : आमचे खरकटे कोणी चिवडायचे?

म्हणून आरंभीच्या यादीकडे पुन्हा पाहताना तिच्यातला एकही उपाय आम्ही खोडणार नाही. देठांचे खत जरूर करावे, न्हाणीचे पाणी केळीला सोडावे, जुन्या सुती साड्यांची वाकळ शिवावी. फक्त प्रत्येक ओळीपुढे एक रकाना वाढवावा : हे काम घरात कोण करणार? खताची बादली रोज हलवायची ती सुनेने किंवा कामाला येणाऱ्या बाईने, आणि त्याचा अभिमान मिरवायचा यजमानाने, असे झाले तर आपण गावगाडाच पुन्हा उभा केला, फक्त गच्चीवर. कचरा वेगळा करायला सगळ्या घराने मिळून रोज पाच मिनिटेही पुरतात. ती पाच मिनिटे ज्याचा कचरा त्यानेच दिली, तर गेटाबाहेर उभ्या असलेल्या बाईचे हात काचेने कापत नाहीत.

साहित्याच्या वर्गात आपण ‘गाव-गाडा’ समाजशास्त्र म्हणून, ‘झोंबी’ ग्रामीण म्हणून आणि ‘बलुतं’ दलित साहित्य म्हणून वेगवेगळ्या तासांना शिकवतो. ही तिन्ही पुस्तके एकदा एकाच टेबलावर ठेवून, टाकाऊ वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हातात जाते एवढेच टिपत वाचावीत. गडमुडशिंगीसारख्या गावातून आलेला एखादा विद्यार्थी वर्गात असेल, तर त्याच्या परड्यातल्या उकिरड्यात आज काय काय पडते आणि तो कोण भरते, हे त्याला लिहून आणायला सांगावे. दाभोळकरांनी तेच सांगितले असते : आधी मोजा, मग बोला.